टाके निघाले, बोटं अजून मुकीच

मार्चमध्ये माझ्या पंधरा वर्षांच्या भाच्याचा हात खिडकीच्या काचेतून आरपार गेला. निमित्त क्रिकेटचं, दुसरं काय असणार! मनगटातली मीडियन नस तुटली होती, ती शिवली. टाके निघाले, पट्टी सुटली आणि बहिणीचा फोन आला, "दादा, डॉक्टर म्हणतात नस छान जोडली. मग अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर कशी? काही राहून गेलं का रे?"

राहून काहीच गेलं नव्हतं. घोळ 'नस' या शब्दाचा आहे. रक्तवाहिनी, स्नायूची दोरी आणि शाळेच्या पुस्तकातली, मेंदूचे निरोप नेणारी-आणणारी चेता, तिघींना आपण नस नाहीतर शीर म्हणून मोकळे होतो. रक्तवाहिनी ही नळी. शिवली की रक्त वाहू लागतं. चेतेत हजारो अक्षतंतू असतात आणि त्यांना कुणीही शिवू शकत नाही. केसाहून बारीक धाग्याने सर्जन शिवतो ते फक्त वरचं वेष्टन.

मग तंतूंचं काय होतं? मला या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात आवडता भाग हाच. अक्षतंतू म्हणजे एकाच पेशीची लांबलचक शेपटी. पेशी बसलेली असते पार पाठीच्या कण्यात किंवा त्याला लागून, आणि शेपटी बोटाच्या टोकाला. ती मनगटात तुटली की पुढचा तुकडा मरतो. बेडकाच्या जिभेच्या चेता कापून ऑगस्टस वॉलर यांनी हे 1850 मध्ये दाखवलं. पुढची शंभरेक वर्षं सर्वांची समजूत अशी, की रसद तुटली म्हणून तुकडा उपाशी मरतो. 1989 मध्ये मात्र उंदरांची एक विचित्र जात हाती लागली. त्यांचा कापलेला तुकडा दोन-तीन आठवडे धडधाकट राही! म्हणजे एरवीचं मरण ही उपासमार नव्हे, ती आत्महत्या. तंतूत सार्म-1 नावाचं प्रथिन झोपलेलं असतं. पेशीकडून एनएमनॅट-2 हे अल्पायुषी विकर सतत येत राहतं, तोवर ते झोपूनच असतं. पुरवठा थांबला की हे विकर एरवी वापरून टाकतं ते एनएमएन नावाचं रसायन साचतं, सार्म-1 जागं होतं आणि ऊर्जेसाठी लागणारं तंतूतलं सगळं एनएडी फस्त करतं. एनएडी गेलं की ऊर्जा गेली, तंतूचे तुकडे तुकडे. (नावं विसरलात तरी चालेल, आत सुरुंग आधीच पेरलेला असतो एवढं ध्यानात ठेवा.)

आणि हे मरण लागतंच. त्या उंदरांत चेता पुन्हा वाढायला उलट जास्त वेळ लागतो, कारण जुना कचरा वाट अडवून बसतो. कचरा उपसतात श्वान पेशी. नाव थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञावरून आलंय, पण मराठी कानाला वेगळंच काही ऐकू येतं आणि ते फारसं चूकही नाही: या पेशी रिकाम्या नळीत रांगेने उभ्या राहतात आणि नव्या कोंबाला वास दाखवत पुढे नेतात. कारल्याचा वेल छाटला तर मांडव तसाच राहतो आणि नवा शेंडा त्यावर चढतो, तसं. सर्जनने शिवला तो मांडव.

चढण्याचा वेग दिवसाला साधारण 1 मिलिमीटर. नखांच्या दसपट, तरी मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत सहा महिने सहज. शिवाय काही कोंब चुकीच्या नळीत शिरतात, मग मधल्या बोटाला हात लावला तर तर्जनीला लावल्यासारखं वाटतं. म्हणून भाचा सध्या डोळे मिटून तांदळाच्या डब्यातून रुपया, बटण आणि काडी ओळखायला शिकतोय. बटण अजून सापडत नाही. आंघोळीनंतर त्याची करंगळी सुरकुतते आणि बधिर बोटं गुळगुळीतच राहतात, कारण पाण्यातल्या सुरकुत्याही चेतांच्याच हुकमाने पडतात.

मनगटाचं निभावतं. दुचाकीच्या अपघातात मानेजवळ चेता तुटली की हिशेब बिघडतो. तिथून तळहात 70 सेंटिमीटर, म्हणजे जवळपास दोन वर्षं, आणि आदेशाविना पडलेला स्नायू वर्ष-दीड वर्षाच्या पुढे थांबत नाही. यावर फ्रेंच सर्जन ओबरलाँ यांनी 1994 मध्ये काढलेली तोड मला भन्नाट वाटते. दंडातून करंगळीकडे जाणाऱ्या धडक्या अल्नर नसेतला एक पदर उसना घ्यायचा आणि कोपर वाकवणाऱ्या स्नायूच्या चेतेला अगदी जवळ जोडायचा. सुरुवातीला रुग्णाला कोपर वाकवायला मूठ आवळावी लागते, मेंदूला नवी जोडणी कळेपर्यंत.

एवढ्यात कॉलनीतल्या एकाने 'नस मोकळी करणारं' तेल आणून दिलं. तुटलेली नस मोकळी कसली करणार? बी-12 च्या गोळ्याही कमतरता असेल तरच उपयोगी. सांधे आखडू नयेत म्हणून बोटं रोज हलवून घ्यायची, ते वेगळं. बधिर हाताला शेक मात्र देऊ नका, कातडी भाजते आणि पत्ता लागत नाही.

वाढ मोजायला यंत्र लागत नाही. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिक तपासताना ज्यूल टिनेल यांनी 1915 मध्ये लिहिलं, की चेतेवर टिचकी मारत गेलं तर कोवळ्या टोकांपाशी झिणझिण्या उठतात. त्याच वर्षी शत्रूपक्षातल्या जर्मनीत पॉल हॉफमान यांनीही तेच लिहिलं. टिनेल यांनी या खुणेसाठी वापरलेल्या फ्रेंच शब्दाचा अर्थ चक्क 'मुंग्या येणे'.

बहीण दर रविवारी बोटाच्या टोकापासून मागे टिचक्या मारत येते. जिथे भाचा "आल्या!" म्हणतो तिथे बॉलपेनने ठिपका देते. मुंग्या त्याला बोटाच्या टोकाला जाणवतात, जिथे अजून एकही तंतू पोचलेला नाही. जुलैअखेरचा ठिपका मनगटापासून 9 सेंटिमीटरवर, तर्जनीच्या मुळाशी आहे.