खाऊन घ्यायची लस कुठवर आली?

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३-४४ अंशांवर जातो. त्याच उन्हात आरोग्यसेविका बर्फाच्या पिशव्या लावलेला लसीचा डबा खांद्याला अडकवून सांगोला-मंगळवेढ्याच्या वाड्यावस्त्या गाठतात. बहुतेक लसी २ ते ८ अंशांतच टिकतात, त्यामुळे बर्फ वितळण्याआधी काम उरकावं लागतं. लस बियाण्यात साठवता आली आणि सुई न टोचता देता आली, तर हा सगळा खटाटोप वाचेल. ही कल्पना शास्त्रज्ञांनी तीसेक वर्षांपूर्वी मनावर घेतली. कोरोनानंतर ‘टोमॅटोतून लस’, ‘भाजीपाल्यातून लस’ अशा बातम्या पुन्हा मोबाइलवर फिरू लागल्या, पण त्यामागची वाटचाल बरीच जुनी आहे.

अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स आर्न्झन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये तंबाखूच्या पानात कावीळ-बीच्या विषाणूचं वरचं प्रथिन, म्हणजे त्या लसीचा मुख्य भाग, तयार करून दाखवलं. अॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू झाडाला गाठी आणतो, कारण तो स्वतःची जनुकं झाडाच्या पेशीत घुसवतो. ती गाठीची जनुकं काढून तिथे विषाणूचं जनुक बसवलं की झाडच ते प्रथिन बनवू लागतं.

तंबाखू कुणी खात बसणार नाही, म्हणून पुढचे प्रयोग बटाट्यावर झाले. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये १४ स्वयंसेवकांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९८ साली आले. बटाटा शिजवला तर उष्णतेनं प्रथिन बिघडतं, म्हणून सोललेल्या कच्च्या बटाट्याचे तुकडे, कुणाला ५० तर कुणाला १०० ग्रॅम, असेच खायला दिले. जुलाब करणाऱ्या जिवाणूच्या विषाचा निरुपद्रवी भाग असलेला बटाटा ११ जणांनी खाल्ला. त्यातल्या १० जणांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, चौपट किंवा त्याहून जास्त वाढली. माणसानं नुसतं खाल्लं आणि शरीरानं दखल घेतली, हे त्या दिवसांत फार मोठं होतं.

श्वसनाच्या विषाणूंकडे लक्ष वळलं ते टोमॅटोमुळे. तो कच्चाच खातात, शिजवायचा प्रश्न येत नाही. तान्ह्या मुलांची छाती भरवणाऱ्या आरएसव्ही विषाणूचं प्रथिन टोमॅटोत बनवून उंदरांना खायला घातल्याचं काम इलिनॉयमधल्या संशोधकांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलं. २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर त्या कोरोनाविषाणूच्या काट्यांचं प्रथिन टोमॅटोत आणि तंबाखूत आणलं गेलं. ते निष्कर्ष २००५ साली आले. दोन्हीकडे उंदरांत प्रतिपिंडं दिसली. पोटात गेलेल्या लसीनं फुप्फुसाचं रक्षण कसं व्हावं, असं कुणालाही वाटेल. पण आतडं, नाक आणि श्वासनलिका यांच्या ओल्या अस्तरांचं संरक्षण एकमेकांशी जोडलेलं असतं. एका ठिकाणी जागं झालेलं संरक्षण दुसरीकडेही काही प्रमाणात पोचतं. सर्दी-खोकल्याचा विषाणू याच अस्तरावर पहिल्यांदा उतरतो, म्हणून तोंडावाटे लसीचं आकर्षण आजही टिकून आहे.

मग अडलं कुठे? माझ्या मते मात्रेवर. झाडाकडून प्रथिन बनवून घेणं त्या मानानं सोपं निघालं. आपल्याकडचे कोंबडीपालक मानमोडीसाठी, म्हणजे राणीखेतसाठी, पिल्लांना लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून किंवा पिण्याच्या पाण्यातून देतात. श्वसनाच्या विषाणूवरची, तोंडावाटे दिलेली लस शेडमध्ये रोजच्या वापरात आहे! पण लासोटात जिवंत, सौम्य विषाणू असतो आणि तो पिल्लाच्या अंगात वाढतो, म्हणून थोडा पुरतो. टोमॅटोतलं प्रथिन वाढत नाही. जठरातल्या आम्लातून जेवढं वाचेल तेवढंच कामाला येतं. शिवाय एका फळात ते किती आणि दुसऱ्यात किती, याचा भरवसा नसतो. कमी पडलं तर संरक्षण नाही, आणि वारंवार खाल्लं तर शरीर त्याला अन्न समजून सोडून देण्याची भीती. लस मोजूनमापूनच द्यावी लागते.

भारतातही काम झालं, आणि ते सोलापूरकराच्या जिव्हाळ्याच्या पिकावर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गुरांच्या बुळकांडी रोगाच्या विषाणूचं प्रथिन भुईमुगात आणलं गेलं आणि तो गुरांना खाऊ घातल्यावर प्रतिपिंडं तयार झाली. (आपल्या शेंगाचटणीसाठी दाणे खरपूस भाजतात, त्यात असं प्रथिन टिकणार नाही, गुरं मात्र कच्चंच खातात.) खिलार बैलांच्या या मुलखात बुळकांडीची धास्ती काय होती ते जुन्या शेतकऱ्यांना विचारावं. तो रोग अखेर टोचायच्या जुन्या लसीनंच संपवला. २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं.

मात्रेशिवाय दुसरी अडचण शेतात निघाली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात औषधी प्रथिनाच्या मक्याचं सांडलेलं बी पुढच्या हंगामात सोयाबीनमध्ये उगवलं. गोदामातल्या सुमारे ५ लाख बुशेल (धान्याचं अमेरिकी माप) सोयाबीनला त्याची बाधा झाली आणि प्रोडीजीन कंपनीला मोठा दंड बसला. बार्शीकडच्या सोयाबीनवाल्याला यातलं गांभीर्य वेगळं सांगायला नको. त्यानंतर औषधी झाडं खाण्याच्या पिकांपासून लांब आणि बंदिस्त ठेवण्याकडे कल वाढला.

तिथून पुन्हा तंबाखू पुढे आली. २००६ साली अमेरिकेत तंबाखूच्या पेशींत बनलेल्या राणीखेतच्या लसीला मान्यता मिळाली. ती टोचायची होती आणि बाजारात आलीच नाही. मग कॅनडाच्या मेडिकागोनं ऑस्ट्रेलियातल्या जंगली तंबाखूत कोरोनाची लस बनवली. कुंडीतली रोपं उलटी करून जिवाणूच्या द्रावणात बुडवायची, निर्वात दाबानं ते पानांत शिरवायचं, काही दिवसांनी पानं खुडून प्रथिन गाळून घ्यायचं. सुमारे २४ हजार लोकांवरच्या चाचणीत तिचा प्रभाव ७० टक्क्यांच्या आसपास दिसला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये कॅनडानं परवानगी दिली. पण कंपनीत एका सिगारेट उत्पादकाची भागीदारी असल्यानं जागतिक आरोग्य संघटनेनं तिला आणीबाणीत वापरायच्या लसींच्या यादीत घेतलं नाही. २०२३ च्या सुरुवातीला मालक कंपनीनं मेडिकागोच बंद केली. ज्या सोलापुरात हजारो बायका तंबाखूची धूळ छातीत घेत विड्या वळतात, तिथे राहून मला संघटनेची ती भूमिका पटते, आणि इतकं चांगलं तंत्र वाया गेल्याची हळहळही तितकीच वाटते.

खाण्याच्या वाटेनं सर्वांत जपून चालले ते जपानी. टोकियोत पटकीसाठी बनवलेला लसीचा तांदूळ बंदिस्त जागेत पिकवतात, दळून त्याची पूड करतात आणि मोजून पाण्यातून देतात. ही पूड फ्रिजबाहेरही टिकते. माणसांवरच्या पहिल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. सांगोल्याच्या वस्तीवर पोचू शकेल अशी लस मला या पुडीच्या रूपातच दिसते. श्वसनाच्या विषाणूसाठी मात्र अशी पूड अजून कुणी दवाखान्यापर्यंत आणलेली नाही.