रेडिओच्या टप्प्यात वाढलेले ब्लूग्रास

अमेरिकेच्या आग्नेय भागातील वृद्ध श्रोते ब्लूग्रास या तंतुवाद्यांवर आधारलेल्या ग्रामीण संगीताच्या आठवणी सांगू लागले, की गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांइतकीच पंचक्रोशीबाहेर फारशी कोणाला ठाऊक नसलेल्या बँडची नावेही त्यांच्या तोंडी येतात. यामागे केवळ गावाचा अभिमान नाही. हे संगीत ज्या व्यवस्थेत वाढले, तिचा हा परिणाम आहे.

केंटकीचे बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या बँडला, ज्याच्यावरून या संगीताचे नाव पडले, १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात स्थान मिळाले. १९४५ च्या डिसेंबरात उत्तर कॅरोलायनाचे अर्ल स्क्रग्ज त्यांच्याकडे आले आणि तीन बोटांनी वाजवलेल्या त्यांच्या वेगवान बँजोमुळे (बँजो हे तारा छेडून वाजवायचे वाद्य) या संगीताला आजचे रूप आले. हे केवळ गोऱ्या पहाडी लोकांचे संगीत आहे, असे अनेकदा म्हटले जाते; ते मला मान्य नाही, कारण बँजोचे मूळ पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांकडे जाते आणि आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय वादकाचे ऋण स्वतः मन्रो यांनी मान्य केले होते.

स्थानिक बँड उभे राहिले ते लहान रेडिओ केंद्रांच्या आधाराने. टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल येथे १९४६ च्या अखेरीस ‘फार्म अँड फन टाइम’ हा दुपारचा कार्यक्रम सुरू झाला व त्यातून स्टॅन्ली बंधू या गायक-वादक जोडीचे नाव घरोघरी पोहोचले. अशा केंद्रांकडून मिळणारे मानधन बहुधा नगण्य असे. पण संध्याकाळी कोणत्या शाळेत कार्यक्रम आहे हे तेथून जाहीर करता येई आणि गाण्यांची पुस्तके विकता येत, त्यामुळे केंद्राचा आवाज जिथवर पोहोचे तिथवर बँडचा चरितार्थ चाले. त्या टापूतील गावे गाऊन झाली, की बँड दुसऱ्या केंद्राकडे जाई.

युद्धोत्तर काळात कोळसा खाणींत यंत्रे आली, रोजगार आटला आणि ॲपलाचिया या पूर्वेकडील डोंगराळ प्रदेशातील कुटुंबे डेटन, सिनसिनाटी, डेट्रॉइट, बाल्टिमोर अशा कारखान्यांच्या शहरांत गेली. तेथील मद्यगृहांत दिवसभर पाळी करून आलेले कामगार रात्री वाजवत आणि ऐकणारेही बहुतांशी त्यांच्याच मुलुखातले असत. पश्चिम व्हर्जिनियाच्या खाणकामगार कुटुंबातील हेझल डिकन्स बाल्टिमोरमध्ये अशाच वस्तीत गाऊ लागल्या. या शहरी टप्प्याला इतिहासात अजून पुरेसे महत्त्व मिळालेले नाही, असे मला वाटते.

रॉक अँड रोलच्या लाटेत मागे पडलेल्या या संगीताला १९६५ मध्ये व्हर्जिनियातील फिनकॅसलच्या बहुदिवसीय महोत्सवाने नवे व्यासपीठ दिले. पुढे असे महोत्सव ठिकठिकाणी भरू लागले आणि व्यासपीठाबाहेर, मोटारींच्या तळावर, हौशी व व्यावसायिक वादक एकत्र वाजवू लागले. वॉशिंग्टनजवळच्या बेथेस्डा येथे १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेल्डम सीन’ या बँडमध्ये शल्यचिकित्सक, गणिती आणि नकाशाकार होते, नोकऱ्या न सोडता ते आठवड्यातून एक रात्र ठरलेल्या जागी वाजवत, आणि याच बँडची गणना पुढे ब्लूग्रासमधील अग्रगण्य बँडमध्ये झाली.