बास्केटबॉलमधील थोर खेळाडूंची भिन्नकालीन तुलना

बास्केटबॉलमधील थोर खेळाडूंची भिन्नकालीन तुलना : एकमेकांविरुद्ध कधीही न खेळलेल्या, निरनिराळ्या पिढ्यांतील बास्केटबॉलपटूंमध्ये श्रेष्ठ कोण हे ठरविण्याचा प्रघात. ही तुलना बहुधा ‘एनबीए’ या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेच्या खेळाडूंपुरती असते आणि तिचे लोकप्रिय रूप ‘जॉर्डन की लेब्रॉन’ (मायकेल जॉर्डन की लेब्रॉन जेम्स) एवढ्या एका प्रश्नात मावते. नाशिकमध्ये ती कॉलेज रोड, गंगापूर रोड भागात संध्याकाळचा सराव आटोपल्यावर, बुटांच्या नाड्या सोडता सोडता चालते. गावसकर की तेंडुलकर हा वाद ज्या घरात एकदा तरी झाला आहे, तिथे याची रीत समजावून सांगावी लागत नाही.

संज्ञा : सर्वश्रेष्ठ खेळाडूस ‘गोट’ म्हणतात. ‘ग्रेटेस्ट ऑफ ऑल टाइम’ या शब्दांची ही आद्याक्षरे. या वापराच्या उगमाविषयी मतभेद आहेत. एका मतानुसार तो मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांच्या ‘मीच सर्वश्रेष्ठ’ या घोषणेतून आला. त्यांच्या पत्नी लोनी अली यांनी १९९२ मध्ये याच आद्याक्षरांच्या नावाने कंपनी नोंदविली होती. दुसरे मत न्यूयॉर्कच्या मोकळ्या मैदानांवर गाजलेल्या अर्ल मॅनिगॉल्ट (१९४४–९८) यांच्या ‘द गोट’ या टोपणनावाकडे बोट दाखवते. मात्र एका शिक्षकाने त्यांच्या आडनावाचा उच्चार चुकविला आणि त्यातून हे नाव पडले, असेही सांगतात. टोपणनाव जुने खरे, पण आद्याक्षरांचा अर्थ त्याला मागाहून चिकटलेला दिसतो. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. त्याही आधी अमेरिकी क्रीडावृत्तांत ‘गोट’ म्हणजे हातचा सामना घालवणारा खेळाडू असे. मराठीत गोट म्हणजे छावणी, इंग्रजीत बकरी. हल्लीची मुले मोबाइलवर आवडत्या खेळाडूच्या नावापुढे बकरीचे चित्र टाकतात आणि घरातली वडीलधारी मंडळी त्याचा अर्थ ‘बळीचा बकरा’ असा लावतात. नकळत ती जुन्या अमेरिकी अर्थाच्या जवळ जातात.

नियमांतील बदल : जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे पीचच्या टोपल्या टांगल्या त्या १० फूट उंचीवर. रिंगची ती उंची आजही तशीच आहे. बाकी फारसे काही जागेवर राहिलेले नाही. जॉर्ज मायकन रिंगखाली उभे राहून सहज गुण करीत, म्हणून १९५१ मध्ये रिंगसमोरच्या पट्ट्याची (यात आक्रमकाला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही) रुंदी ६ फुटांवरून १२ फुटांवर नेली. विल्ट चेंबरलेन यांच्यामुळे १९६४ मध्ये ती १६ फूट झाली. मायकन यांच्या मिनियापोलिस लेकर्सविरुद्ध फोर्ट वेन संघाने २२ नोव्हेंबर १९५० रोजी चेंडू नुसता हातात धरून वेळ काढला आणि सामना १९–१८ असा जिंकला. असे सामने पाहायला कोण येणार? १९५४-५५ च्या हंगामापासून २४ सेकंदांत शॉट घेणे बंधनकारक झाले. २४ हा आकडा सिराक्यूस संघाचे मालक डॅनी बायसोन यांचा. चांगल्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सुमारे १२० शॉट होतात आणि सामन्याची ४८ मिनिटे म्हणजे २,८८० सेकंद; भागाकार करून पाहावा. तीन गुणांची रेषा १९७९-८० मध्ये आली, प्रतिस्पर्धी खेळाडूऐवजी मैदानाचा ठरावीक भाग राखण्याच्या बचावाला (झोन) २००१-०२ मध्ये मुभा मिळाली आणि २००४-०५ पासून बचावपटूने हाताने अडविण्यावर कडक निर्बंध आले. ज्याच्यामुळे मैदानाची आखणीच बदलावी लागली, त्याच्या थोरवीला वेगळ्या आकड्याची गरज नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नोंदींचा प्रश्न : तुलनेतील खरी अडचण खेळाडूंपेक्षा गुणलेखकाच्या वहीत आहे. चेंबरलेन यांनी १९६१-६२ च्या हंगामात सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर ताब्यात घेतलेले चेंडू) मिळविले. मैदानावर ते सरासरी ४८.५ मिनिटे होते, म्हणजे जादा वेळ धरून नियमित सामन्याहूनही जास्त. हे आकडे ऐकून वाद तिथेच मिटावा. पण त्या हंगामात प्रत्येक संघ सामन्यामागे सुमारे १०८ शॉट घेत असे आणि त्यांतले निम्म्याहून अधिक हुकत. हुकलेला प्रत्येक शॉट म्हणजे रिबाउंडची एक संधी. संघामागे सुमारे ७१ रिबाउंड होत. अलीकडे शॉट ८९ च्या आसपास आणि रिबाउंड ४४ च्या आसपास असतात. त्याच प्रमाणात चेंबरलेन यांचे २५.७ आजचे १६ भरतात. १६ देखील अफाटच. मात्र दंतकथेतले राहत नाहीत. ऑस्कर रॉबर्टसन यांच्या त्याच हंगामातील सरासरीकडे (३०.८ गुण, १२.५ रिबाउंड आणि ११.४ असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गोल करता येईल असे दिलेले पास) आणि २०१६-१७ मध्ये रसेल वेस्टब्रुक यांनी पुन्हा साधलेल्या तशाच तिहेरी (तिन्हींत दहा किंवा अधिक) सरासरीकडे याच चाळणीतून पाहावे लागते.

ही चाळणी पुरेशी बारीक नाही. चेंडू संघाच्या ताब्यात किती वेळा आला हे काढण्यासाठी शॉटच्या संख्येत फ्री थ्रोंची (फाउलबद्दल मिळणाऱ्या विनाअडथळा फेकींची) ०.४४ पट मिळवतात, त्यातून आक्रमणातील रिबाउंड वजा करतात आणि गमावलेले चेंडू पुन्हा मिळवतात. आक्रमणातील व बचावातील रिबाउंड मात्र १९७३-७४ पासूनच वेगळे मोजले गेले आणि खेळाडूंनी गमावलेल्या चेंडूंची नोंद १९७७-७८ पासूनची. त्यामुळे साठच्या दशकातील खेळाच्या वेगाचे जे आकडे दशांशासह छापले जातात, ते मागाहून केलेले अदमास आहेत. ब्लॉक (अडविलेला शॉट) आणि स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेला चेंडू) यांचीही नोंद १९७३-७४ पासूनच होते. बिल रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाले होते. ज्यांचा सारा लौकिक शॉट अडविण्यावर उभा, त्यांच्या नावावर वहीत एकही ब्लॉक नाही. याउलट मायकेल जॉर्डन यांना १९८८ मध्ये सर्वोत्तम खेळाडू व सर्वोत्तम बचावपटू हे दोन्ही किताब मिळाले, तेव्हा त्यांचा प्रत्येक स्टील मोजलेला होता.

चेंबरलेन यांच्या २ मार्च १९६२ च्या १०० गुणांच्या सामन्याचे चलच्चित्रण उपलब्ध नाही. पेनसिल्व्हेनियातील हर्शी गावी ४,१२४ प्रेक्षकांपुढे हा सामना झाला. आपल्यापर्यंत आले ते आकाशवाणीवरील समालोचनाचा काही भाग आणि ‘१००’ लिहिलेला कागद हातात धरलेले छायाचित्र.

तुलनेच्या पद्धती : विजेतेपदे मोजणारे रसेल यांच्या ११ विजेतेपदांवर (१९५७–६९) थांबतात, जॉर्डन यांची ६, लेब्रॉन जेम्स यांची ४. रसेल आले तेव्हा स्पर्धेत ८ संघ होते, आज ३० आहेत, हा आक्षेप रास्त आहे. मात्र संघ थोडे म्हणजे जागा थोड्या, आणि प्रत्येक संघात निवडक खेळाडूंची गर्दी, हे उत्तरही तितकेच रास्त. एकूण गुण मोजणारे करीम अब्दुल-जब्बार (३८,३८७) आणि ७ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांना मागे टाकणारे जेम्स यांच्यात निवड करतात. हा मुख्यत्वे दीर्घकाळ टिकण्याचा निकष आहे. तिसरा वर्ग जुन्या खेळाडूला आजच्या कोर्टावर आणून उभा करतो. मायकन यांना स्टीफन करींच्या मागे धावायला लावणे मनोरंजक खरे. पण करींच्या एका हंगामातील ४०२ थ्री-पॉइंटरांना (२०१५-१६) मायकन यांच्या काळात प्रत्येकी दोनच गुण मिळाले असते, हे मग कोणी बोलत नाही. खेळाडू आपल्या समकालीनांपेक्षा किती पुढे होता हे पाहणे त्यातल्या त्यात निर्दोष दिसते. या कसोटीवर रसेल, चेंबरलेन, अब्दुल-जब्बार, जॉर्डन व जेम्स हे पाचही टिकतात. त्यांचा आपसातील क्रम ती कसोटी सांगत नाही.

महिलांच्या ‘डब्ल्यूएनबीए’चा पहिला हंगाम १९९७ मध्ये २८ सामन्यांचा होता, २०२५ चा ४४ सामन्यांचा. त्यामुळे डायना टोरासी यांच्या १०,६४६ गुणांशी पुढच्या पिढीची बेरीज ताडून पाहताना सामन्यामागील सरासरीच घ्यावी. भारतापुरते पाहता पुरुष संघ ऑलिंपिकमध्ये १९८० साली मॉस्कोला एकदाच खेळला.

नाशिकमध्ये : नाशिककर काळ सिंहस्थांनी मोजतात आणि या वादाला ती मोजपट्टी चपखल बसते. १९९१-९२ च्या सिंहस्थाच्या सुमारास जॉर्डन यांची पहिली दोन विजेतेपदे झाली आणि त्याच सुमारास उपग्रह वाहिन्या घरोघर येऊ लागल्या. २००३ च्या सिंहस्थाच्या वर्षी एप्रिलमध्ये जॉर्डन अखेरचे निवृत्त झाले आणि जूनमध्ये क्लीव्हलँडने जेम्स यांची निवड केली. २०१५ च्या पर्वणीआधी दोनच महिने करींचा संघ विजेता ठरला. त्याच जूनमध्ये पंजाबचे सतनाम सिंग यांना डॅलसने ५२ व्या क्रमांकावर निवडले, एनबीएने निवडलेले ते पहिले भारतीय. परिणामी शहरात तीन पक्ष आहेत आणि कोण कुठल्या पक्षात हे बहुधा वयावरून सांगता येते. रसेल-चेंबरलेन यांचा पक्ष असा नाही. ते वाचलेले खेळाडू आहेत, पाहिलेले नव्हेत.

नियमबदलाचा पुरावा पाहायला अमेरिकेला जावे लागत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत २०१० पर्यंत रिंगसमोरचा पट्टा समलंब चौकोनी होता, नंतर तो आयताकृती झाला. जुन्या सिमेंट कोर्टाचा वरचा रंग दोन पावसाळ्यांत उडाला की खालची तिरकी रेषा डोके वर काढते. त्याच कोर्टावर खेळलेला काका पुतण्याला ती दाखवून ‘आमच्या वेळी आत शिरायला एवढी जागा होती’ असे सांगतो, आणि पुतण्या ‘पण तुम्हाला डंक कुठे यायचा?’ असे विचारतो (डंक म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये घालणे).

स्थानिक खेळाडूंची अशी तुलना मात्र करता येत नाही, आणि याचेही कारण वहीच आहे. स्पर्धांसाठीच्या अधिकृत गुणपत्रिकेत चढत्या आकड्यांच्या रकान्यात मैदानी गोलासाठी तिरकी रेघ, फ्री थ्रोसाठी भरीव ठिपका आणि तीन गुणांसाठी खेळाडूच्या क्रमांकाभोवती वर्तुळ काढतात. सामन्याच्या पहिल्या व तिसऱ्या पाव भागासाठी (क्वार्टर) लाल पेन, दुसऱ्या व चौथ्यासाठी निळे किंवा काळे. पुढे फाउल, टाइम-आउट आणि सह्या. मूळ पत्रिकेखाली तीन प्रती असतात. पेन दाबून धरले नाही तर शेवटच्या प्रतीवर ठिपका आणि रेघ यांत फरक राहत नाही. रिबाउंड, ब्लॉक आणि असिस्ट यांना या पत्रिकेत रकानाच नाही.