अडीच सेकंदांची नजर

2 फेब्रुवारी 2020, मायामी. अमेरिकन फुटबॉलमधली वर्षाची शेवटची लढत, सुपर बोल. कॅन्सस सिटी चीफ्स 10-20 असे मागे पडलेले, जेमतेम सात मिनिटं उरलेली. ठराविक प्रयत्नांत ठराविक अंतर कापलं नाही, तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. हा तिसरा प्रयत्न आणि अजून 15 यार्ड कापायचे बाकी. चेंडू हातात येताच चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स मागे मागे सरकत गेला. सॅन फ्रान्सिस्कोचा एक धिप्पाड बचावपटू थेट अंगावर येत होता. धडक बसायच्या बेतात असतानाच महोम्सने चेंडू उंच भिरकावला. पार पुढे, डाव्या अंगाला त्याचा साथीदार टायरीक हिल मोकळा होता. 44 यार्ड मिळाले, सामना फिरला आणि चीफ्सनी तो 31-20 असा जिंकला.

जवळपास प्रत्येक चाल ज्याच्या हातून सुरू होते, तो क्वार्टरबॅक. त्यांतला खरा अव्वल कोण, यावर अमेरिकेत बारमाही वाद चालतो. कुणी दंडातली ताकद बघतं, कुणी सुपर बोल जिंकल्यावर मिळणाऱ्या अंगठ्या मोजतं. मला वाटतं, चेंडू हातात आल्यापासून तो सुटेपर्यंतच्या अडीच-तीन सेकंदांत त्याला काय दिसतं, तिथेच सगळा फरक पडतो.

नुसता दिवा लागल्यावर बटण दाबायलाही माणसाला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. पर्याय वाढले की वेळ आणखी वाढतो. इथे तर समोर अकरा बचावपटू आणि आपले चार-पाच जण वेगवेगळ्या दिशांना धावणारे. प्रत्येकाकडे बघून विचार करत बसला, तर तो आडवा होणारच.

मग जमतं कसं? याचं उत्तर मला बुद्धिबळात सापडतं. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी 1973 मध्ये खेळाडूंना खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली आणि ती आठवून पुन्हा मांडायला सांगितली. निष्णात खेळाडूने नवशिक्यापेक्षा कितीतरी जास्त मोहरे अचूक जागी ठेवले. पण तेच मोहरे पटावर कसेही विखुरले, तेव्हा त्याची आघाडी जवळजवळ संपली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अचाट नव्हती. हजारो डाव खेळून ओळखीच्या झालेल्या रचना तो एका नजरेत वाचत होता. क्वार्टरबॅकही असंच वाचतो. मागचा बचावपटू दोन पावलं आत सरकला, की त्याच्या पाठीमागची जागा रिकामी होणार हे त्याला आधीच कळतं. तिथे अजून कुणी पोचलेलंही नसतं आणि चेंडू निघालेला असतो.

हातात ताकद लागतेच. सुमारे 400 ग्रॅमचा लांबोडका चेंडू फिरकी दिल्याशिवाय सरळ जातच नाही. भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरतो म्हणून तो हवेत कोलांट्या खात नाही. पण नुसत्या हातावर भागत नाही. 2007 मध्ये नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत जामार्कस रसेलला त्याच्या तोफेसारख्या हातामुळे सगळ्यांत आधी निवडलं. तीन हंगामांत त्याची कारकीर्द आटोपली. 2000 मध्ये 199 वा निवडला गेलेला टॉम ब्रेडी सात सुपर बोल जिंकून गेला.

म्हणून अंगठ्याच मोजायच्या का? मला ते पटत नाही. ट्रेंट डिल्फरने जानेवारी 2001 मध्ये बाल्टिमोरच्या जबरदस्त बचावाच्या जोरावर सुपर बोल जिंकला, आणि त्याच संघाने त्याला पुढच्या हंगामाआधी सोडून दिलं. नावाजलेल्या डॅन मरीनोला एकही जिंकता आला नाही. डिल्फर मरीनोपेक्षा मोठा, असं कोण म्हणेल?

आकड्यांचंही जपूनच घ्यावं. क्वार्टरबॅकच्या फेकींना गुण देणाऱ्या, 1973 पासून वापरात असलेल्या 'पासर रेटिंग'मध्ये कमाल गुण 158.3. पण पास टाकायच्या आधीच क्वार्टरबॅक आडवा झाला, तर त्याची त्यात नोंदच नाही. त्याहून शहाणी कल्पना 1971 मध्ये एका क्वार्टरबॅकनेच मांडली होती. सिनसिनाटी बेंगल्सच्या व्हर्जिल कार्टरने एका प्राध्यापकासोबत शोधनिबंध लिहिला आणि मैदानावरच्या जागेनुसार चेंडूची किंमत गुणांत काढली. स्वतःच्या गोलरेषेला खेटून ती चक्क उणे निघाली! त्याच विचारातून आज प्रत्येक चालीने संघाच्या अपेक्षित गुणांत किती भर पडली ते मोजतात. तिसऱ्या प्रयत्नात 4 यार्ड हवे असताना मिळालेले 5 यार्ड आणि 15 हवे असताना मिळालेले 5 यार्ड, यांतला फरक तिथे दिसतो.

मला मात्र पेटन मॅनिंगचा 2013 चा हंगाम राहून राहून आठवतो. मानेवरच्या शस्त्रक्रियांमुळे 2011 चा अख्खा हंगाम हुकलेला, वय 37, फेकीतला जोर उतरलेला. तरीही डेन्व्हरकडून 5,477 यार्ड आणि 55 टचडाउन पास, म्हणजे थेट गोलरेषेपलीकडे नेऊन गुण मिळवून देणारे पास, दोन्ही विक्रम. चेंडू हातात येण्याआधी चाल बदलायला तो हातवारे करत, ओरडत उभा असायचा. समोरची रचना त्याने केव्हाच वाचलेली असायची. त्या हंगामाच्या सुपर बोलमध्ये सिॲटलने डेन्व्हरचा 43-8 असा धुव्वा उडवला. तेवढ्यासाठी माझ्या यादीतून मॅनिंगचं नाव मी खोडणार नाही.