अर्धी गोळी, एक टोपण

ऊसतोडीला निघालेल्या बीडकडच्या बिऱ्हाडात बऱ्याचदा औषधांचीही एक पिशवी असते. त्यात मागच्या तापातली उरलेली बाटली आणि मोठ्यांच्या गोळ्या. फडावर लेकरू तापलं की अर्धी गोळी, नाहीतर एक टोपण. या हिशेबाला हसू नये. एकेकाळी डॉक्टरही जवळपास असाच हिशेब मांडत. ‘यंग’च्या सूत्रात मुलाच्या वयाला ‘वय अधिक १२’ ने भागायचं, म्हणजे तीन वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या डोसाचा पाचवा हिस्सा. पोर हाडकुळं आहे की गुटगुटीत, सूत्राला देणंघेणं नाही.

ते किती महागात पडतं, हे क्लोरॅम्फेनिकॉलने दाखवलं. टायफॉईडवरचं हे नावाजलेलं औषध दिलेली काही नवजात बाळं राखाडी पडून दगावली. त्यांच्या कोवळ्या यकृताला ते निकामी करून बाहेर टाकता येत नव्हतं. १९५९ मध्ये हे उघड झालं. पुढे साठच्या दशकात हॅरी शर्की या अमेरिकी बालरोगतज्ज्ञांनी मुलांना औषधांच्या जगातली अनाथ म्हटलं, कारण चाचण्या मोठ्यांवर आणि वापर लेकरांवर. जागतिक आरोग्य संघटनेची मुलांसाठीची वेगळी औषधयादी यायला २००७ उजाडलं.

आपल्याकडे निर्बंध एकेक करून आले. निमेसुलाइड हे ताप-दुखण्यावरचं औषध १२ वर्षांखालच्या मुलांना बंद झालं ते २०११ मध्ये. सर्दीवरच्या क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिनच्या मिश्रणावर ‘चार वर्षांखाली देऊ नये’ असं छापायचा आदेश २०२३ चा.

बाटलीत काय आहे, ही चिंता मात्र त्याहून जुनी. १९३७ मध्ये अमेरिकेत डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवलेल्या सल्फा औषधाने शंभरावर बळी घेतले. तेच विष १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून आलं, आणि चौकशीला लेंटिन आयोग बसला. २०२५ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून आलं. मुलांच्या किडन्या बंद पडल्या, कित्येकांना नागपूरला हलवलं. त्या औषधात ४८.६ टक्के विष निघालं. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं: दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं नकोतच, पाचखाली सहसा नकोत. नव्वद वर्षं होत आली, विष तेच.

घरातली गफलत मात्र विषाशिवायही होते. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या पातळ औषधात पाच मिलिलिटरला १२० किंवा १२५, आणि ‘डी. एस.’ म्हणजे दुप्पट ताकदीच्या बाटलीत २५०. दहा किलोच्या लेकराला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरे. मेडिकलवाल्याने थेंबांची बाटली दिली आणि आजीने सवयीने पाच मिलिलिटरचा चमचा भरून पाजला, तर पोटात ५०० मिलिग्रॅम जातं. म्हणजे मोठ्या माणसाची आख्खी गोळी. चिठ्ठीवर नुसतं ‘एक चमचा’ लिहिणारा डॉक्टर त्या आजीपेक्षा जास्त दोषी, असं मला वाटतं.