न्यायाधीशांविरुद्धच्या तक्रारी न्यायालयातच का तपासल्या जातात?

न्यायाधीश सरकारच्या मुठीत जातील ही भीती आपल्याकडे १९७३ साली पक्की झाली. संसदेला घटनेची मूळ चौकट बदलता येणार नाही, असा केशवानंद भारती खटल्याचा निकाल २४ एप्रिलला लागला आणि लगोलग सरकारविरुद्ध मत देणाऱ्या शेलाट, हेगडे, ग्रोव्हर या तिघा न्यायाधीशांची ज्येष्ठता डावलून ए. एन. रे सरन्यायाधीश झाले. तिघांनी राजीनामे दिले. आणीबाणीत बंदी प्रत्यक्षीकरणाच्या, म्हणजे अटकेला न्यायालयात आव्हान देण्याच्या हक्काच्या, खटल्यात एकट्याने सरकारविरुद्ध मत देणारे एच. आर. खन्ना यांनाही १९७७मध्ये असेच डावलले गेले.

उलटी शंका १९९३मध्ये उघड्यावर आली: न्यायाधीशच चुकला तर? त्याला हटवण्याच्या प्रस्तावावर लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांच्या सह्या लागतात, मग त्रिसदस्यीय समितीची चौकशी होते. शेवटी दोन्ही सभागृहांत मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मते हवीत, शिवाय एकूण सदस्यसंख्येचे बहुमतही. खरी अडचण या दुसऱ्या अटीत आहे. १९९३मध्ये असा प्रस्ताव आला तो सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश व्ही. रामस्वामी यांच्याविरुद्ध; त्यांच्यावरचे बरेच आरोप न्या. पी. बी. सावंत यांच्या समितीने सिद्ध मानले होते. लोकसभेत प्रस्तावाच्या बाजूने १९६ मते पडली, विरोधात एकही नाही. पण २०५ सदस्य तटस्थ राहिले आणि प्रस्ताव बारगळला. या गणितात तटस्थ राहणे म्हणजे विरोधच.

पुढची ठिणगी मुंबईत पडली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचारजी यांच्यावर परदेशी प्रकाशकाकडून मिळालेल्या मानधनावरून आरोप झाले. वकील संघटनांनी राजीनामा मागितला आणि १९९५मध्ये त्यांनी पद सोडले. संघटनांच्या या दबावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. न्यायालयाचा निर्णय असा: ठराव करून न्यायाधीशाला घालवणे स्वातंत्र्याला घातक, मुख्य न्यायमूर्तींविरुद्ध तक्रार असेल तर ती सरन्यायाधीशांकडे न्यावी. मात्र हटवण्याइतके गंभीर नसलेले, पण पदाला न शोभणारे वर्तन हाताळायला काहीच सोय नाही, हेही न्यायालयाने मान्य केले. वकिलांचा मार्ग चुकला असेल, त्यांनी दाखवलेली उणीव खरी होती.

त्यातून १९९९मध्ये अंतर्गत चौकशीची पद्धत आली. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाविरुद्ध तक्रार असेल तर आधी त्याचे उत्तर मागवतात. ते पटले नाही तर इतर उच्च न्यायालयांचे दोन मुख्य न्यायमूर्ती आणि एक न्यायाधीश चौकशी करतात. दोष गंभीर ठरला तर राजीनाम्याचा किंवा स्वेच्छानिवृत्तीचा सल्ला दिला जातो. तो मानला नाही तर न्यायालयीन काम काढून घेतात.

अहवाल गोपनीय राहतो. २००३मध्ये तो जाहीर करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली, त्यामुळे तक्रारदाराला निष्कर्षामागची कारणे कळत नाहीत आणि संशय तसाच राहतो. शिवाय समितीला हटवण्याचा अधिकार नाही. न्यायाधीशाने राजीनामा नाकारला की प्रकरण पुन्हा संसदेत जाते, १९९३च्याच अटींवर.