परड्यातील मिरची व हिरवा मसाला (कोल्हापूर)

घरामागच्या मोकळ्या जागेला कोल्हापूर भागात परडे म्हणतात. रोजच्या स्वयंपाकाला लागणारी ओली मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता, पुदिना, गवती चहा ही झाडे परड्यात लावण्याची रीत जुनी आहे. शहरात वाडे जाऊन इमारती आल्या तसे परडे गच्चीवर चढले आणि माती आली ती रंगाच्या रिकाम्या बादल्यांत. झाडे मात्र तीच राहिली.

कोल्हापूरचे नाव झाले ते लाल तिखटामुळे. येथे तिखटालाच चटणी म्हणतात आणि कांदा-लसूण घालून वर्षाची चटणी उन्हाळ्यात करून ठेवतात. तिच्यासाठी लागणारी वाळकी मिरची मात्र परड्यातून येत नाही. रंगासाठी कर्नाटकातील हावेरी जिल्ह्याची ब्याडगी आणि झणक्यासाठी संकेश्वरी किंवा लवंगी अशी मिरची बाजारातून किलोंनी घेतली जाते. संकेश्वरीसाठी गडहिंग्लजची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. परड्यातले झाड असते ते खर्ड्यासाठी. लोखंडी तव्यावर तेलाच्या थेंबात हिरव्या मिरच्या आणि लसूण डाग पडेपर्यंत भाजायचे, मीठ व भाजलेले शेंगदाणे टाकायचे आणि तव्यातच तांब्याच्या बुडाने रगडायचे. देठ मोडताना कट्‌ असा आवाज येणारी मिरची भाजली की तिला जो गोडसर, ओला वास सुटतो, तो दोन दिवस पाटीत पडलेल्या मिरचीला येत नाही. दोन झाडे दारात असावीत ती याच वासासाठी. चार माणसांच्या घराला तेवढी पुरतात.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. वांगे, टोमॅटो, बटाटा यांच्याच कुळातली असल्याने त्यांच्यावर पडणारे बरेच रोग तिच्यावरही पडतात. म्हणून ज्या वाफ्यात नुकतेच वांगे काढले, त्यात लगेच मिरची लावू नये. तिखटपणा कॅप्सेसिन या द्रव्याचा. तो बियांत असतो असे सर्रास सांगितले जाते, ते बरोबर नाही. मिरची उभी चिरून पाहावी : देठाकडून खाली उतरणारी जी पांढरी शीर असते, जिला बिया चिकटलेल्या असतात, तीत कॅप्सेसिन तयार होते आणि बियांना ते नुसते लागलेले असते. ते पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. त्यामुळे खर्डा झोंबला तर पाण्याने भागत नाही, दही किंवा सायीचे दूध उपयोगी पडते. मिरच्या चिरून हात भगभगत असतील तर आधी तेल चोळून मग साबण लावावा. पक्ष्यांना हा तिखटपणा जाणवत नाही. बुलबुल पिकलेली लवंगी खुशाल गिळतो आणि कुंपणाखाली न लावलेले रोप उगवून येते, ते त्याच्याच कृपेने.

कोल्हापुरात मिरची उन्हाने क्वचित मरते. ती मरते पाण्याने. जिल्ह्यात पावसाचे मान फार विषम आहे. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्याला धो धो कोसळणारा पाऊस पूर्वेकडे शिरोळपर्यंत जाता जाता अगदी बेताचा होतो, आणि शहर या दोहोंच्या मध्ये येते. पंचगंगेकाठची काळी माती सुपीक खरी, पण ओल धरून ठेवते. जुलैच्या झडीत मुळांना हवा मिळत नाही, पाने पिवळी पडतात आणि एके दिवशी हिरवेगार झाड उभ्याउभ्या मान टाकते. याला मर म्हणतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या सखल भागांत पाणी अनेक दिवस साचून राहिले होते. तशा पाण्यातून अळू पुन्हा फुटते, मिरची फुटत नाही. म्हणून जमिनीत लावायची तर वीतभर उंच गादीवाफ्यावर लावावी. बादलीत लावताना तळाला चार-पाच भोके पाडून त्यांवर खापऱ्या ठेवाव्यात आणि काळ्या मातीत तेवढेच कुजलेले शेणखत व थोडी वाळू मिसळावी. उसाचे पाचट या भागात हवे तेवढे मिळते. त्याचे आच्छादन घातले की उन्हाळ्यात माती भेगाळत नाही आणि पावसाचे शिंतोडे मातीसकट पानांवर उडत नाहीत. पाणी सकाळी, बुंध्याशी द्यावे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही.

बी मे-जूनमध्ये किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टाकतात. घरच्यासाठी दुसरा हंगाम सोपा, कारण रोप पावसाच्या तडाख्यातून सुटते. बी आठ-बारा दिवसांत उगवते आणि पाच-सहा आठवड्यांत, बोटभर उंचीचे झाले की रोप हलवतात. ते संध्याकाळी हलवावे. दोन रोपांत दीड-दोन फूट अंतर ठेवावे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘फुले ज्योती’ ही जात घोसाने लागते. दिल्लीची पुसा ज्वाला लांब, सुरकुतलेली आणि घरी चांगली येणारी आहे. लवंगी बारीक व जहाल. झाडाला शेणखत किंवा युरिया वाजवीपेक्षा जास्त झाला की ते माजते, म्हणजे पानेच पाने येतात आणि फूल धरत नाही. एप्रिल-मेच्या कडक उन्हात फुले गळतात, तेव्हा खत वाढवून उपयोग नसतो, दुपारची सावली करावी. मिरच्या वरचेवर तोडत राहिले की नवी फुले येत राहतात. येथे दहिवर गोठण्याइतकी थंडी नसल्याने झाड एका वर्षात संपत नाही. पावसाळ्यानंतर निम्मे छाटले तर पुन्हा फुटते.

सर्वांत मोठा शत्रू बोकड्या. शेंड्याची पाने वाटीसारखी वळतात, आखडतात, झाड खुजे राहते. कृषी खाते त्याला चुरडा-मुरडा म्हणते. पाने वर वळली असतील तर बहुधा फुलकिडे, खाली वळली असतील तर कोळी नावाची बारीक कीड. पांढऱ्या माशीने विषाणू आणला असेल तर मात्र उपाय नाही. झाड उपटून लांब टाकावे, शेजारची झाडे तरी वाचतात. हा निर्णय घेताना जीव तुटतो, पण तो पहिल्याच आठवड्यात घ्यावा लागतो. सुरुवातीला पाच टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूला फवारणे आणि पिवळे-निळे चिकट सापळे टांगणे घरच्या बागेला पुरेसे होते.

कोथिंबिरीसाठी अख्खे धणे पेरू नयेत. पाटावर टाकून वाटीने हलके रगडावेत म्हणजे धण्याच्या दोन फाकी सुट्या होतात. दर पंधरा दिवसांनी थोडे थोडे पेरले की घरात खंड पडत नाही. उन्हाळ्यात ती लवकर फुलावर जाते. पुदिना स्वतंत्र कुंडीत ठेवावा, नाहीतर सगळा वाफा व्यापतो. गवती चहा मोरीच्या पाण्यावरही जगतो. कढीपत्त्याचे बी ताजे असतानाच रुजते. त्यापेक्षा जुन्या झाडाच्या मुळावर आलेला फुटवा घ्यावा. त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली तर ती फुलपाखराची असते. झाड मोठे असेल तर तिला खाऊ द्यावे.

ढोबळीशेजारी लवंगी लावली की ढोबळी तिखट होते, असे म्हणतात. त्या वर्षीच्या फळावर तसा परिणाम होत नाही. मधमाश्यांमुळे परागकण मिसळतात, त्याचा गुण त्या फळातले बी पुढच्या हंगामात पेरल्यावर दिसतो. म्हणून बियाण्याचे झाड दूर लावावे, त्यावरची पहिल्या बहरातली दोन-चार फळे झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावीत, सावलीत वाळवावीत आणि बी राखेत घालून डबीत ठेवावे. दुसऱ्या वर्षानंतर उगवण घटत जाते.